भूजलाचा हिशोब मांडायचाय? निघायच्या आधी एवढं जमवा

पहिलं काम हद्द ठरवायचं, आणि ती पाणलोटाची घ्या, प्रशासकीय सीमेची नको, नाहीतर शेजारून किती पाणी आत आलं नि किती बाहेर गेलं याचा पत्ताच लागत नाही. हिशोब पूर्ण जलवर्षाचा धरा, म्हणजे एका पावसाळ्याच्या सुरुवातीपासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत. पाऊस, तापमान, ओढ्याचा प्रवाह हे आकडे बसल्या जागी मिळतील कदाचित, पण उपशासाठी फिरावंच लागतं, पंप रोज किती तास चालतो ते विचारायचं आणि बादली नि स्टॉपवॉच घेऊन डिस्चार्ज (पंपातून ठरावीक वेळात किती पाणी पडतं ते) स्वतः मोजायचा.

आता बरेच जण काय करतात, पावसातून बाष्पीभवन आणि वाहून गेलेलं पाणी वजा करतात आणि उरलं ते पुनर्भरण (मुरून भूजलाला मिळालेलं पाणी) म्हणून मोकळे होतात. समजा पाऊस 800 मिमी, झाडं-पिकं धरून बाष्पीभवन 600, वाहून गेलं 140, म्हणजे उरले 60. पण बाष्पीभवनाचा अंदाज 10 टक्के चुकला की तेच 60 मिमी झाले, म्हणजे पुनर्भरण शून्यही असेल नाहीतर थेट दुप्पट! म्हणून विहिरींची पातळी पावसाआधी आणि पावसानंतर मोजाच, पंप बंद करून पाणी स्थिरावल्यावर, आणि टेप काठापासून धरला की जमिनीपासून ते वहीत लिहा. पातळीतली वाढ गुणिले क्षेत्र गुणिले स्पेसिफिक यील्ड (भिजलेल्या खडकातून आपोआप निथळून येणाऱ्या पाण्याचं खडकाच्या आकारमानाशी प्रमाण), एवढंच गणित, पण स्पेसिफिक यील्ड पुस्तकातून उचलू नका, जमलं तर पंपिंग टेस्ट करा, म्हणजे एका विहिरीतून उपसा करत पातळी कशी उतरते ते मोजा (शेजारी निरीक्षणाची विहीर हवी). 10 चौरस किमीवर 3 मीटर वाढ असेल तर 0.02 ने 6 लाख घनमीटर येतात आणि 0.03 ने 9 लाख, बघा आता.

सॅम्पलिंगच्या पेटीत पीएच मीटर, ईसी म्हणजे विद्युतवाहकतेचा मीटर (दोन्ही आदल्या दिवशी कॅलिब्रेट केलेले), 0.45 मायक्रॉनचे फिल्टर, नायट्रिक अॅसिड, बर्फ आणि वॉटरप्रूफ मार्कर. प्रत्येक ठिकाणी दोन बाटल्या, धातूंची गाळून अॅसिड घातलेली आणि क्लोराइड-नायट्रेटची बिनअॅसिडची, यांची अदलाबदल झाली तर नायट्रेटचा आकडा गेलाच म्हणून समजा. ईसी स्थिर होईपर्यंत बोअरचं पाणी वाहू द्या, मगच भरा. लॅबचा रिपोर्ट आला की धन आणि ऋण आयनांच्या विद्युतभारांची बेरीज जुळवा, फरक 5 टक्क्यांच्या वर असेल तर परत तपासायला सांगा.

पावसाच्या पाण्याचंही सॅम्पल घ्या हं, हे हमखास राहतं. क्लोराइड वाफेबरोबर उडत नाही, उरलेल्या पाण्यातच दाट होत जातं, त्यामुळे पावसात 2 आणि भूजलात 40 मिलिग्रॅम प्रतिलिटर असेल तर 800 मिमी पावसातलं साधारण 40 मिमीच खाली मुरलं. हा आकडा आणि पातळीवरून काढलेला आकडा फार लांब पडले तर सरासरी काढून गप्प बसू नका, आधी नायट्रेट बघा, तेही चढलेलं असेल तर क्लोराइड बहुतेक खतातून नाहीतर सांडपाण्यातून आलंय आणि पुनर्भरण उगाच कमी दिसतंय, ती विहीर या गणितातून बाजूला काढा.