गावाकडचे जुने फोटो नि आठवणी गोळा करायला निघण्याआधी

फोटोची पाठ स्कॅन करायची. मागच्या खेपेला आम्ही सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातल्या चार वाड्या फिरलो, दोनशेच्या वर फोटो घेतले आणि एकाचीही पाठ घेतली नाही, म्हणून हे सगळ्यात आधी सांगतोय.

पावसाळ्यात जाऊ नका. पत्र्यावर पाऊस वाजत असताना रेकॉर्डिंगमध्ये शब्द लागत नाही, आणि त्या दमट हवेत ट्रंकेतले फोटो बाहेर काढायलाच नकोत. सुगीला माणसं रानात असतात. चैत्र-वैशाख गाठा. नाईकबाच्या यात्रेला, गावोगावच्या जत्रांना मुंबईकर घरी आलेले असतात, आणि इकडचे कितीतरी जुने फोटो मुंबईतच काढलेले आहेत. गिरणीत चिकटलेला मुलगा हातात घड्याळ बांधून परळ-लालबागच्या स्टुडिओत उभा राहायचा नि फोटो गावी धाडायचा.

सामानातलं लॅपटॉप, चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड तुम्ही घ्यालच. स्कॅनर फ्लॅटबेडच न्या; मोबाइलचं ॲप आपल्या मनाने कडा कापतं आणि रंग बदलतं. साधा फोटो ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), पासपोर्टएवढा असेल तर १२००, आणि फाइल टिफ (TIFF) प्रकारची. मऊ ब्रश, धुतलेली पांढरी चादर, मऊ शिसपेन्सिल घ्या. बॉलपेन फोटोच्या जवळपाससुद्धा नको. आणि पक्कड. पक्कड विसरलात तर फ्रेममागचे खिळे निघणार नाहीत, आणि खिळे निघाले नाहीत तर पाठ दिसणार नाही.

आमचं काय झालं ते सांगतो. एका घरी भिंतीवर दोन जवान पोरांचा फोटो होता. एक खुर्चीवर बसलेला, दुसरा त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा, मागे पडद्यावर रंगवलेला जिना. बसलेले ते त्या घरातले आजोबा. उभा कोण, ते आजींना आठवेना. आम्ही फ्रेम खाली उतरवली, काचेवरूनच फोटो काढला, परत टांगली नि पुढच्या घरी गेलो. दोन वर्षांनी नातू म्हणाला, ‘मागं आजोबांनी दोघांची नावं लिहिली होती, आत्यानं वाचलेली.’ तोवर आजी गेल्या होत्या, आत्या गेली होती, जुनं घर पाडताना फ्रेम पडवीत राहिली आणि एका पावसात कागदाचा लगदा झाला. त्या उभ्या माणसाला आता कुणी ओळखत नाही. पुठ्ठा काढून पाठ घ्यायला पाच मिनिटं लागली असती.

पाठीवर काय काय असतं बघा: स्टुडिओचा शिक्का नि पत्ता, तारीख, कधी पोस्टकार्डासारखा छापलेला कागद नि त्यावर चार ओळींचं पत्र. जुन्या हाताचं असेल तर मोडीत. वाचता आलं नाही तरी स्कॅन करा, वाचणारा नंतर सापडतो. पुढची बाजू, लगेच मागची, दोन्हींना एकच नंबर. पाठ कोरी असली तरी घ्यायची, नाहीतर ती कोरी होती की आपण विसरलो हे पुढे कळत नाही. फोटो काचेला चिकटला असेल तर मात्र ओढू नका. पुढून काचेसकट घ्या, पाठ मोकळी असेल तेवढी घ्या.

फोटो घराबाहेर न्यायचा नाही. श्रद्धांजलीच्या फलकासाठी म्हणून नेलेला एकुलता एक फोटो परत न आलेली घरं गावोगाव आहेत, ती माणसं उगाच संशय घेत नाहीत.

नावं तिथल्या तिथे, डावीकडून उजवीकडे. बाईच्या नावापुढे ‘अमक्याची मंडळी’ लिहून गप्प बसू नका. सासरचं नाव, माहेरचं नाव, माहेरचं गाव विचारा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या, आणि त्यात गाणाऱ्या बायांची नावं नि गावं नोंदलेली आहेत. आपल्याला दोनशे फोटोंना ते जमायलाच हवं.

साल विचारू नका, कुणी सांगत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप विचारा: तेव्हा कडेवर कोण होतं, पोटात कोण होतं? मग धरण, बहात्तरचा दुष्काळ, १९८२ चा गिरणी संप. या चार खुंट्यांवर बहुतेक आयुष्यं टांगता येतात. धरणात ज्यांची गावं गेली ती माणसं सांगली-सोलापूरपासून रायगड-ठाण्यापर्यंत पांगली. तालुक्याची हद्द संपली म्हणून यादी संपवू नका.

बौद्धवाडी नि धनगरवाडा पहिल्या दोन दिवसांत करा, शेवटी राहिलेल्या वेळात नव्हे. तिथे अल्बम नसेलही. रेशनकार्डावरचा, गिरणीच्या पासावरचा फोटो असेल. तोही घ्या, आणि त्याचीही पाठ.

आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर, कॉलरचा माइक, वेव्ह (WAV) फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. मोबाइल एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, टीव्ही बंद. सुरुवातीला तारीख, गाव, नाव आणि परवानगी त्यांच्याच आवाजात. जमिनीच्या वादाचं किंवा जातीवरून झालेल्या छळाचं कुणी बोललं तर हे उघड करायचं की नाही ते दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा; बोलण्याच्या भरात दिलेला होकार धरू नका. बायकांशी बोलताना घरातल्या पुरुषांना नम्रपणे बाहेर बसवा. तासाभरापेक्षा जास्त कुणाला बसवू नका.

रात्री थकलात तरी फाइलींना नावं त्याच दिवशी द्यायची. तीन प्रती, एक तालुक्याबाहेर. आधी कुणी काय सांगितलं त्याची मिनिटवार टिपणं, शब्दन् शब्द नंतर. प्रत्येक घराला एक चांगली प्रिंट परत. ग्रामपंचायतीच्या वाचनालयाला एक संच.

स्कॅनर पिशवीत भरण्याआधी फोल्डर उघडा, पुढच्या नि मागच्या फाइली मोजा. आकडे जुळले नाहीत तर त्या घरातून उठायचं नाही.