शेंगांचं टरफल ओलं की सुकं? कचरा वेगळा करताना या चुका टाळा

घंटागाडी गल्लीच्या तोंडाशी वाजली की आमच्याकडं सोलापुरात दोन बादल्या घेऊन पळापळ होते. हिरवी ओल्याची, निळी सुक्याची. या शिस्तीचा मला जरा जास्तच अभिमान होता. एके दिवशी गाडीवरच्या मावशींनी हिरवी बादली तिरकी केली आणि दुधाची रिकामी पिशवी दोन बोटांनी वर काढली.

"दादा, हे ओल्यात कसं?"

"मावशी, ओलीच तर आहे की."

त्या हसल्या, पिशवी निळ्या बादलीत टाकली आणि पुढच्या दाराला गेल्या.

सगळा घोळ या शब्दांनीच केलाय. हाताला ओलं लागतं म्हणून तो ओला कचरा, असं नाही. कुजतं ते ओलं, कुजत नाही ते सुकं. चटणीसाठी फोडलेल्या शेंगांची टरफलं कितीही खडखडीत वाळलेली असू देत, ती हिरव्यातच. कडक भाकरीचे तुकडे, अंगणातला कडुनिंबाचा पाला, हारातली सुकलेली फुलंही तिकडंच, फक्त दोरा आणि चमकीची पट्टी काढून. उलट दह्याचा प्लास्टिकचा डबा ओलाचिंब असला तरी निळ्यात. तो विसळून टाकावा. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं चांगलं पाणी घालवू नका. भांडी विसळलेल्या पाण्यात बुडवून काढला तरी पुरतो.

गाठ मारलेली पिशवी

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. आत सगळा ओला कचरा, अगदी नीट निवडलेला, आणि तो कॅरीबॅगमध्ये भरून वर गाठ. टाकणाऱ्याला वाटतं काम झालं. गाडीवरच्या दोन माणसांना एवढ्या घरांच्या गाठी सोडत बसायला सवड नसते, म्हणजे तो कचरा मिश्र म्हणूनच पुढं जातो. तुळजापूर रोडला ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि त्यातून वीज, असा 3 मेगावॅटचा प्रकल्प सोलापुरात दहा वर्षांहून आधीच उभा राहिला. अशा प्रकल्पात बंद टाकीत, हवेशिवाय, जिवाणू कचरा पचवतात. प्लास्टिक त्यांना पचत नाही, काच पचत नाही. ते आधी वेगळं काढावं लागतं, आणि त्या निवडणीत बराच ओला मालही प्लास्टिकला चिकटून बाहेर जातो.

आपल्या गावची खास भर म्हणजे चिंध्या. घरोघरी गणवेशाची शिलाई चालते, टॉवेलच्या कडा कापल्या जातात, आणि झाडून काढलेली दोऱ्यांची गुंतवळ भाजीच्या देठांवर जाऊन पडते. हे दोरे यंत्राच्या फिरत्या भागाला असे गुंडाळतात की ते कापूनच काढावे लागतात. चिंध्या वेगळ्या पोत्यात भरून ठेवा, चिंधीवाला विकतही घेतो.

दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण तोडू नका, थोडा लोंबता ठेवा. तो नखाएवढा तुकडा एकदा सुटला की कुणाच्याच हाती लागत नाही. गटारात मात्र हमखास सापडतो.

"शेवटी गाडीत एकत्रच करतात"

हे मीही ऐकलंय, आणि कधीकधी खरंही असतं. पण त्यावर घरात एकत्र टाकणं हा उपाय नव्हे. गाडीत दोन कप्पे असतानाही एकत्र होत असेल तर गाडीचा नंबर, वेळ, गल्ली आणि एक फोटो एवढं घ्या. आपल्या झोनच्या आरोग्य निरीक्षकाकडं किंवा स्वच्छता ॲपवर तक्रार टाका. "आमच्याकडं काहीच होत नाही" या तक्रारीचं पुढं खरंच काही होत नाही. "मंगळवारी सकाळी 8.20, मारुती मंदिरासमोर, गाडी नंबर अमुक" असं लिहिलं की कुणाला विचारायचं ते त्यांना कळतं.

सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्या; नीट गुंडाळून देणं तर 2016 च्या घनकचरा नियमांपासून प्रत्येक घरावर बंधनकारक आहे. कागदावर लाल पेनानं एक फुली मारा, उचलणाऱ्या हाताला कळतं. बॅटरी, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, झुरळांच्या औषधाचे डबे यांची तिसरी बादली हवी. रोज द्यायची गरज नाही, महिन्यातून एकदा पुरे. पाला जाळणं तर बंदच करा, त्याबद्दल आणखी काय बोलायचं.

गच्चीवरचा खताचा ड्रम वास मारतोय?

इथं मी स्वतः तोंडावर पडलोय. मे महिना, पारा 42 च्या पुढं. खत वाळून जाईल या भीतीनं मी रोज तांब्याभर पाणी ओतत गेलो. आठवड्यात सडक्या अंड्यासारखा वास, झाकण उघडलं की अळ्या. शेजारच्या वहिनींनी भिंतीवरून विचारलं, "भाऊजी, उंदीर मेलाय का हो?"

उंदीर नव्हता, हवा नव्हती. पाण्यानं सगळ्या फटी भरल्या आणि आतला माल कुजण्याऐवजी सडायला लागला. मग सगळा ड्रम उपसला, तळाची बुजलेली भोकं मोकळी केली, आणि एक वाटी ओल्याला दोन वाट्या सुकं या हिशोबानं चुरलेली टरफलं आणि वाळका पाला मिसळला. चार दिवसांत वास गेला. आता मूठभर खत पिळून बघतो. एकदोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर आणखी टरफलं, काहीच आलं नाही तर थोडं शिंपडायचं. मुंग्या दिसायला लागल्या की खत कोरडं पडलंय असं समजा. ड्रम सावलीत ठेवा, नाहीतर कडेनं वाळतो आणि मध्ये चिखल राहतो.

नारळाच्या करवंट्या आणि आंब्याच्या कोयी मी आता ड्रममध्ये घालत नाही. वर्ष झालं तरी चाळणीत तशाच्या तशा येतात. त्या हिरव्या बादलीत, मावशींकडं.