विकिपीडियावरील लेखासाठी विषयाची उल्लेखनीयता कशी तपासावी?

विषय कितीही चांगला वाटला, तरी त्याच्याशी हितसंबंध नसलेल्या विश्वासार्ह स्रोतांनी त्याची सविस्तर दखल घेतली आहे का, हे लेख सुरू करण्यापूर्वी पाहावे. समजा, एखाद्या कवीवर लिहायचे आहे. प्रकाशन समारंभाची चार ओळींची बातमी, मलपृष्ठावरील मजकूर किंवा कवीचे स्वतःचे संकेतस्थळ येथे पुरेसे ठरत नाही. मात्र वेगवेगळ्या समीक्षकांनी नियतकालिकांत केलेली विस्तृत परीक्षणे किंवा साहित्य अकादमी पुरस्कारासारखा सन्मान असल्यास लेखाला भक्कम आधार मिळतो. स्रोत महाजालावरच असावा असे बंधन नाही, त्यामुळे ग्रंथालयात जाऊन मासिकांचे जुने अंक चाळण्याचा कंटाळा (तो बहुतेकांना असतोच) करू नये. शासनदरबारी नोंद असलेल्या गावाबाबत उल्लेखनीयतेचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. स्रोत तुटपुंजे असतील, तर स्वतंत्र लेखाऐवजी संबंधित मोठ्या लेखात एखादा ससंदर्भ परिच्छेद घालावा.