टीबीसाठी रक्ताची अँटीबॉडी तपासणी? या चुका टाळा

खोकला हटत नाही, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरलंय. थुंकी द्यायचा संकोच वाटतो आणि कुणीतरी सुचवतं, "रक्ताचीच टीबी आयजीजी-आयजीएम करून घ्या." म्हणजे टीबीच्या जंतूविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी (संरक्षक प्रथिनं) रक्तात शोधणारी तपासणी. ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 च्या जुलैमध्येच या तपासण्या निदानासाठी वापरू नका असं स्पष्ट सांगितलं. जून 2012 मध्ये भारत सरकारने अशा किटची आयात, उत्पादन आणि विक्री यांवर बंदी घातली. असा रिपोर्ट जुन्या फाइलीत सापडला, तर त्यावरून औषधं सुरू करू नका आणि चालू असलेली थांबवूही नका.

हे असं का, ते समजून घेण्यासारखं आहे. क्षयाच्या जंतूत सुमारे 4000 प्रथिनं असतात. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही जवळपास सगळी प्रथिनं चिपवर मांडून रुग्णांच्या रक्तातल्या अँटीबॉडी कशाकशाला चिकटतात ते पाहिलं गेलं. सुमारे 10 टक्के प्रथिनं ओळखली गेली, पण सक्रिय आजाराशी नातं लागलं ते जेमतेम अर्ध्या टक्क्याचं. शिवाय माणसागणिक चित्र वेगळं. एकाच्या रक्तात जंतूच्या 38 किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचं माप) वजनाच्या नावाजलेल्या प्रथिनाविरुद्ध भरपूर अँटीबॉडी, तर तितकाच आजारी असलेल्या दुसऱ्याच्या रक्तात जवळपास नाहीतच. मग दोन-चार प्रथिनांवर बेतलेल्या किटमधून खरे रुग्ण निसटणारच. एचआयव्ही असेल तर जास्तच.

उलटंही होतं. पूर्वी होऊन गेलेला संसर्ग, बीसीजीची लस, माती-पाण्यातले जंतूचे भाऊबंद यांच्यामुळेही अँटीबॉडी दिसू शकतात. निरोगी माणसाला सहा महिने टीबीची औषधं खायला लावणं हा छोटा अपराध नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा गोंधळ इग्राचा. तीही रक्ताचीच तपासणी, पण ती अँटीबॉडी मोजत नाही. ईसॅट-6 आणि सीएफपी-10 ही जंतूची प्रथिनं दाखवल्यावर रक्तातल्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) इंटरफेरॉन गॅमा हे इशारा देणारं प्रथिन सोडतात का, ते ती बघते. पॉझिटिव्ह आली तर संसर्ग झालाय एवढंच कळतं. आजार सुप्त आहे की सक्रिय, ते कळत नाही. मांटू या त्वचेवरच्या तपासणीचंही तेच. लघवीतली लॅम पट्टी तर जंतूच्या भिंतीतला घटक शोधते आणि ती मुख्यतः एचआयव्हीबाधितांसाठी आहे.

मग करायचं काय? थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, सोबत छातीचा एक्स-रे. थुंकीच्या या दोन्ही तपासण्या जंतूचा डीएनए शोधतात आणि रिफाम्पिसिन या टीबीवरच्या मुख्य औषधाला तो दाद देतो का तेही सांगतात. नमुना मात्र नीट हवा. नुसती लाळ दिली तर यंत्र चांगलं असूनही निकाल फसतो. चूळ भरा, दोन-तीन खोल श्वास घ्या, छातीतून खाकरून घट्ट बेडका काढा. हे घरात नको, मोकळ्या हवेत करा.

गाठीचा किंवा पोटाचा टीबी असेल आणि थुंकीच नसेल, तेव्हा रक्ताचा मोह सर्वाधिक होतो. तिथेही गाठीतून सुईने काढलेला नमुना किंवा बायोप्सीच हवी. लहान मुलांना थुंकता येत नाही, त्यांच्या पोटातलं पाणी नळीने काढून तपासतात. सरकारी केंद्रांत टीबीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जवळचं केंद्र 1800-11-6666 वर विचारा.