प्रभुभोजनाचे मेज: आदल्या दिवसापासून आवराआवरीपर्यंत

पुष्कळ मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून सर्वांनी भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. मेज लावण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे येते त्यांनी आधी पाळकसाहेबांना (चर्चच्या धर्मगुरूंना) तीन गोष्टी विचाराव्यात: एकच प्याला की लहान पेले, भाकर कुठली, आणि उरलेल्याचे काय करायचे. मंडळीगणिक रीत बदलते. इथे ट्रेमधल्या लहान पेल्यांची पद्धत धरली आहे.

द्राक्षारस शनिवारी करावा. काळी द्राक्षे देठ काढून धुवा, थोडे पाणी घालून मंद आचेवर साली फुटेपर्यंत शिजवा आणि मलमलच्या फडक्यातून गाळा. फडके पिळू नका, रस गढूळ होतो. द्राक्षांचा हंगाम नसेल तर पाव किलो काळे मनुके लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, उकळून, कुस्करून गाळावेत. भांडे स्टीलचेच घ्या. ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईच्या पितळेला हा आंबट रस लागतो. गाळल्यावर वाफा येईपर्यंत पुन्हा तापवा, कारण सालीवरचे यीस्ट जिवंत राहिले तर रस आंबतो. अमेरिकेतल्या थॉमस वेल्च या मेथॉडिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) गृहस्थांनी १८६९ साली याच युक्तीने चर्चसाठी द्राक्षरस टिकवला होता. गार झाला की फ्रिजमध्ये ठेवा. एप्रिल-मे महिन्यात बाहेर राहिलेल्या बाटलीचे झाकण उघडताना फसफसले, तर तो रस मेजावर नेऊ नका.

एका ट्रेत साधारण ४० पेले बसतात. पेला दोन-तृतीयांश भरायचा, म्हणजे सुमारे ७ मिलि. १२० जणांसाठी तीन ट्रे आणि ८४० मिलि रस लागेल. सांडलवंड धरून एक लिटर ठेवा. काठोकाठ भरलेले पेले बाकांवरून ट्रे पुढे सरकताना हमखास सांडतात. भरायला निमुळत्या तोंडाची, फक्त याच कामाची पिळायची बाटली घ्या. आतल्या वर्तुळापासून बाहेर येत भरले तर बाही किंवा पदर भरलेल्या पेल्यांना लागत नाही.

भाकर मात्र रविवारी सकाळीच कापा. रात्री कापलेली कडक होते आणि तिचा चुरा पडतो. पावाच्या स्लाइसच्या कडा काढून दीड सेंटिमीटरचे तुकडे केले की एका स्लाइसचे तीसेक होतात. १२० जणांना चार पुरतात, पाच घ्या. पाळक सर्वांसमोर मोडतात ती भाकर वेगळी, अखंड ठेवा. आजारी, घरी असलेल्या सभासदांकडे पाळक जाणार असतील तर त्यांचे तुकडे आणि बाटलीही मेजावर आधीच ठेवा, नंतर शोधाशोध नको.

पांढरे आच्छादन इस्त्री करून अंथरा, त्यावर ट्रे आणि थाळ्या, वर झाकण किंवा स्वच्छ कापड. पंखा थेट मेजावर येत असेल तर कापडाची टोके ताटांखाली दाबा. मेज रात्रीच मांडून ठेवू नका. गोड रसाला मुंग्या कशा शोधतात हे सांगायला नको.

उपासना संपल्यावर आधी उरलेले पाहायचे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेच्या) वळणाच्या मंडळ्यांत आशीर्वादित भाकर व रस पाळक आणि सेवक तिथेच आदराने सेवन करतात आणि प्याल्यात पाणी फिरवून तेही पितात. इतर ठिकाणी रस चर्चच्या आवारात मातीत ओततात. गटारात किंवा कचऱ्यात मात्र टाकू नये.

काचेचे पेले लगेच कोमट पाण्यात बुडवा. रस वाळला तर तळाचा चिकट थर बोट जात नसल्याने निघत नाही आणि लहान ब्रश शोधावा लागतो. साबण अगदी थोडा वापरा, दोनदा खळबळा, नाहीतर पुढच्या महिन्यात रसाला साबणाची चव येते. धुतल्यावर पालथे घाला, पण एकात एक नको. ओले पेले अडकून फुटतात. चांदीच्या प्याल्याला घासणी किंवा राख लावू नका, मऊ कापड पुरे.

आच्छादनावर डाग पडला तर आधी थंड पाण्यात धरा, मग लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावा. कपड्याचा साबण सरळ चोळल्यास जांभळा डाग निळसर-करडा होऊन बसतो. डाग फिका पडल्यावरच नेहमीसारखे धुवा आणि उन्हात वाळवा.