लेकीला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस: आमच्या घरात कसं ठरलं

धाकटीला तेरावं लागलं तसा मी लशीचा विषय काढला. आमचे हे आडत्याकडून आलेली सोयाबीनची पट्टी तपासत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "लग्न झाल्यावर बघू की."

तुमच्याही घरात इथंच अडलं असेल तर हे सांगा. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळं होतो आणि तो विषाणू शरीरसंबंधातून लागतो. लस त्याला दारातच अडवते, एकदा आत शिरलेल्याला बाहेर काढत नाही. म्हणून ९ ते १४ हे वय. पोरीच्या वागणुकीचा यात काय संबंध? गोवराची लस देताना लेकराला गोवर होणारच असं आपण थोडंच धरून चालतो! हे काही बोलले नाहीत, पट्टीची घडी घालून खिशात ठेवली. म्हणजे होकार.

मग पैसे. आधी आशाताईंना विचारा, सरकारी दवाखान्यात मिळते का. विकत घ्यायची तर पुण्याच्या सीरमची सर्व्हावॅक बाहेरच्या कंपन्यांच्या लशीपेक्षा स्वस्त पडते. पंधराच्या आत दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतरानं. पंधरावा वाढदिवस उलटला की तीन. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये एका डोसचाही पर्याय मान्य केलाय, त्यामुळं कुठं एक ऐकाल, कुठं दोन. डॉक्टरांना विचारून घ्या.

लशीनं मूल होत नाही, ही निव्वळ अफवा. तिच्यात जिवंत विषाणूच नसतो. आधीच्या लशीचा जोरात त्रास झालेला असेल, यीस्टची ॲलर्जी असेल, ताप असेल किंवा बाई गरोदर असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा. उपाशीपोटी नेऊ नका आणि सुईनंतर पंधरा मिनिटं बसवून ठेवा, या वयात पोरींना घेरी येते. आमचीचा नुसता दंड दुखला, पण त्या दंडाच्या नावावर तिनं दोन दिवस अंगण झाडलं नाही.

आत्याबाई हे सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "आमच्या वेळी बार्शीहून बाया आल्या होत्या तपासायला." खरंच आहे. १९९९ पासून आपल्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार बायकांचा मोठा अभ्यास झाला. एचपीव्हीची एकच तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. २००९ मध्ये ते जगभर छापून आलं. आत्याबाई कोणत्या गटात होत्या, त्यांना आठवत नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी अडतीसची, आणि माझी तपासणी एकदाही नाही! लस एचपीव्हीच्या ज्या प्रकारांना अडवते, त्यातले १६ आणि १८ नंबरचे साधारण ७० टक्के कॅन्सरला कारण असतात, बाकीचे उरतातच. म्हणून लस घेतलेल्या पोरीनंही तिशीनंतर तपासून घ्यायचं.

दुसरा डोस मे महिन्यात आहे. त्याच दिवशी माझी तपासणी. आत्याबाई म्हणतात, मीपण येते, चष्म्याचा नंबर बघायचाय.