कोकणात जुनी फॉर्च्युनर घेताय? आधी गाडीखाली झोपून बघा

आंब्याचे पैसे हातात आले की आमच्याकडे कोणी ना कोणी जुनी मोठी गाडी बघायला निघतोच, आणि बहुतेक वेळा ती फॉर्च्युनर असते. २००९ ला आलेली ती ३.० डिझेलवाली, नाहीतर २०१६ च्या शेवटी आलेली २.८ वाली. बघायला गेल्यावर सगळे बोनेट उघडतात, इंजिनाचा आवाज ऐकतात, सीटवर हात फिरवतात. खाली कोणीच बघत नाही. आणि कोकणातली गाडी खालून मरते, वरून नाही.

माझी पहिली अशीच घेतलेली, वरून आरसा. विकणारा म्हणाला एकदम शोरूम कंडिशन. पहिल्याच पावसाळ्यात रात्री आंबा घाटात टायर बसला. या गाडीचा स्पेअर मागे खाली साखळीवर टांगलेला असतो, मी पान्याने फिरवतोय फिरवतोय पण चाक काय खाली येईना, साखळी गंजून एकजीव झालेली. शेवटी एका टेम्पोवाल्याने छिन्नी मारून तोडली तेव्हा घरी पोचलो. तेव्हापासून कोणतीही गाडी बघायला गेलो तर पहिलं काम तेच, स्पेअर खाली सोडून दाखव म्हणायचं. सुटला तर पुढचं बोलू.

मग गाडी पीटवर नाहीतर रॅम्पवर घ्या आणि टॉर्च लावून चासी बघा. वरवरचा लालसर गंज इथे सगळ्यांनाच असतो, खारी हवा आहे, त्याला घाबरू नका. पण स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, ठण्ण वाजलं तर ठीक, भद्द आवाज आला किंवा खपल्या पडल्या तर सरळ नमस्कार करून निघा, कारण इंजिन पैसे टाकून उभं राहतं, सडलेल्या चासीला वेल्डिंग म्हणजे नुसती मलमपट्टी. मागच्या एक्सलच्या वरची बाजू, ब्रेकचे पाइप आणि बॉडीचे माउंट जास्त बघा. आणि खाली अगदी ताजा काळा कोट मारलेला दिसला तर खूश होऊ नका, काय झाकलंय ते आधी विचारा. गाडी किनाऱ्यावर वाळूत फिरवलेली असेल तर गंज खालीच पहिला दिसतो.

पुराची गाडी ओळखणं वेगळं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण बघितलंय. सगळ्या एमएच-०८ गाड्यांवर संशय घ्या असं नाही म्हणत, पण सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला चिखलाची रेघ राहते, ती कोणी धूत नाही. सीटच्या रेलचे बोल्ट, मॅटखालचा कुबट वास, हेडलाइटच्या आतलं पाणी हेही बघा. डिफरन्शियलचं, म्हणजे एक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याचं, ऑइल थोडं काढून बघा, दुधाच्या चहासारखं झालं असेल तर आत पाणी गेलंय. वायरिंगमध्ये पाणी गेलेल्या गाडीचा त्रास वर्षभराने सुरू होतो, आज सेन्सर उद्या पॉवर विंडो. आणि हो, बागेत उभी राहणारी गाडी असेल तर उंदरांनी वायर कुरतडल्यात का तेही बघून घ्या.

आता इंजिन. सकाळी थंड असताना स्टार्ट करायला लावा, मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत दुसऱ्या दिवशी जा. ३.० ची ओळखीची दुखणी म्हणजे इंजेक्टरचे सील लीक होणं. मग जळलेला गॅस ऑइलमध्ये जातो, काजळी धरते, खालची जाळी तुंबते आणि ऑइल वर पोचेना झालं की इंजिन जाम. ऑइलचं झाकण उघडून आत डांबरासारखा थर दिसला तर सावध. सील वेळेत बदलले तर १०-१५ हजारात सुटतं, इंजेक्टरच गेले तर नवीन चारही मिळून लाखाच्या वर, आणि इंजिन बसलं तर विचारूच नका. या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, दीड लाख किमीच्या आसपास बदलायचा असतो, त्याचं बिल मागा. नसेल तर १५-२५ हजार किंमतीतून कमी करा. २.८ ला चेन आहे, ती कटकट नाही.

फोर बाय फोर असेल तर लो मध्ये, म्हणजे चढाचिखलासाठीच्या हळू गिअरमध्ये, टाकून बघाच. कित्येक वर्षं कोणी टाकलेलाच नसतो.

बाकी खर्चाचा माझा अंदाज, बाहेरच्या चांगल्या गॅरेजचा, शोरूमला यापेक्षा जास्त धरा. चार टायर ४५ ते ६० हजार, क्लच २५ पासून पुढे आणि फ्लायव्हील गेलं असेल तर दुप्पट, एसीचा कॉम्प्रेसर २० ते ३५. पुढचे बुश, लोअर आर्म आणि शॉकअप आपल्या घाटात आणि ६६ नंबरच्या हायवेच्या कामात टिकतच नाहीत, तिथे ३०-४० बाजूला ठेवा. ऑइल एका वेळेला सात लिटरच्या आसपास लागतं, छोट्या गाडीची सवय असेल तर बिल बघून दचकाल. मी तरी १० लाखाची गाडी घेणाऱ्याला सांगतो, दीड लाख वेगळे ठेवून मगच जा.

फोर्डची एंडेव्हर स्वस्तात मिळते म्हणून कोणी मागे लागेल, गाडी मस्त आहे, पण कंपनीने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं ठरवलं, तेव्हा पार्टसाठी मुंबई-पुण्याला फोन करायची तयारी पाहिजे. दिल्लीची १० वर्षांची डिझेल गाडी एकदम कमी भावात दिसते त्याचं कारणही तिथल्या डिझेलच्या नियमात आहे. एनओसी, इथला टॅक्स, परत पासिंग हे सगळं धरून हिशोब करा, बऱ्याचदा फायदा उरतच नाही. कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ आणि मालकी बदलाचे सही केलेले फॉर्म २९, ३० हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

गाडी घरी आणली की पहिल्या रविवारी खालून गोड्या पाण्याने धुऊन वाळवा, मग कोटिंग करून घ्या, ५-८ हजारात होतं. आणि स्पेअर एकदा खाली सोडून साखळीला ग्रीस फासून परत चढवा.